गुडघ्याची शिकवणी

माझ्या उजव्या गुडघ्याला एकदा शंभरपैकी शंभर मार्क मिळालेले आहेत.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नवा जिल्हा म्हणजे नवा कबड्डी संघ! त्या पहिल्याच संघात जायचं म्हणून मी झोपेतही चढाया करायचो. (शेजारी झोपणाऱ्या भावाला विचारा.) निवडीला महिना उरला असताना गावातल्या सामन्यात पाय पिरगळला आणि आत काहीतरी कट्कन वाजलं. लातूरच्या तरुण डॉक्टरांनी लिगामेंट, म्हणजे सांधा धरून ठेवणारी दोरी, दुखावल्याचं सांगितलं. पट्टा बांधला आणि एक छापील कागद दिला.

"लंगडता का, जिना चढता येतो का, उकिडवं बसता येतं का, याची उत्तरं तीन आठवड्यांनी भरून आणा. प्रत्येकाला गुण आहेत. एकूण शंभर."

डॉक्टरांची चूक एवढीच, की हे त्यांनी दादांसमोर सांगितलं. दादा म्हणजे माझे वडील, आमच्या वस्तीतले पहिले मॅट्रिक आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. शंभर गुणांचा कागद त्यांच्या लेखी एकाच प्रकारचा असायचा.

"प्रश्न आधीच हातात हायत," एष्टीत दादा कानाशी म्हणाले. "आता कमी पडले तर बघ!"

शिकवणी सुरू झाली. जिना आमच्या वस्तीत कुणाकडेच नव्हता, म्हणून सराव बारवेच्या पायऱ्यांवर. दुष्काळानं ती विहीर तळापर्यंत उघडी पडली होती. पायऱ्यांची तेवढी टंचाई नव्हती! तळाशी माय वाटीवाटीनं घागर भरत होती.

"जिना चढताना त्रास?" दादा वरून ओरडले.

"थोडा..."

"चार मार्क गेले! पुन्हा!"

"न्हाई, कायबी त्रास न्हाई!"

"अवं, लेकरू लंगडून राहिलंय," माय खालून म्हणाली, "आन् तुमी मार्क मोजून राहिलात?"

"लंगडायचे पाच मार्क हायत. सरळ चाल रे!"

खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. मी सुवाच्य अक्षरात सगळी उत्तरं लिहिली, खाली रेघसुद्धा मारली. डॉक्टरांनी गुडघा हलवून बघितला.

"सैल लागतोय हो. पण त्रास तुमचा तुम्हालाच कळणार. काहीच नाही?"

"कायबी न्हाई," मी दात आवळून हसलो.

खेळायची परवानगी मिळाली. दादांनी स्टँडवर पेढे घेतले आणि कंडक्टरलाही दिले!

निवडीच्या दिवशी पहिल्याच चढाईत मी वळलो. गुडघा वळला नाही. दादांनीच मला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तोच कागद, कोरा, पुढे केला. दादांनी पेन माझ्या हातात दिलं.

"माझं चुकलं. जे हाय ते लिही. मी बघत न्हाई."

आणि खरंच भिंतीकडे तोंड करून बसले. दादांच्या तोंडून 'माझं चुकलं' हे मी आयुष्यात तेवढं एकदाच ऐकलं. गुडघ्यापेक्षा तेच जास्त दुखलं. आज ते नाहीत, पण ती पाठ अजून आठवते आणि गलबलतं.

मी खरं खरं लिहिलं. पळता येतं? नाही. उकिडवं बसता येतं? नाही. बेरीज छत्तीस. संघ गेला, हे तो आकडा बघूनच कळलं आणि मला रडू फुटलं.

दादा वळले. चष्मा सरळ करून त्यांनी बेरीज स्वतः तपासली आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"रडतो काय? पस्तीसला पास असतंय!"

गुरुजींचा मुलगा असून, शेजारच्याचं न बघता मी पास झालो तो एवढ्या एकाच पेपरात.