मॅच सोडून कोण निघालं?

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पुण्यातल्या आईला नाही, आणि ज्या मुलींना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत नाही आहात. सुरुवातीला एवढं धाडस पुरे, नाही का?

आधी थोडी फुशारकी मारून घेते — पुढे तिला जागा उरणार नाही. जे. पी. नगरमधल्या आमच्या सोसायटीत दर रविवारी सकाळी मी मुलींना बास्केटबॉल शिकवते. कॉलेजात पुण्यात खेळायचे, बरी खेळायचे. मग लग्न, बंगळूर, आयटीतली नोकरी, आणि बॉल माळ्यावर. तो खाली काढला तो एका मॅचमुळे. आपल्या भारताच्या मुलींची इथे, या शहरात झालेली फायनल! जिंकलो तर आशियातल्या वरच्या गटात जागा, हरलो तर पुन्हा आहोतच खाली. समोर मध्य आशियातून आलेल्या ताडमाड पोरी. आणि आपण जिंकलो — अगदी शेवटी, जीव टांगणीला लावून जिंकलो.

ही गोष्ट मी मुलींना किती वेळा सांगितली असेल! बसून सांगतच नाही मी. उभी राहते, धावून दाखवते, उडी मारून दाखवते, आता उडी म्हणजे काय, टाचा उचलते एवढंच. आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणते, घड्याळ शून्यावर येईपर्यंत कुणी मैदान सोडायचं नाही. मुली टाळ्या वाजवतात. मलाही भरून येतं, खरंच येतं.

फक्त — ते शेवटचं मिनिट मी पाहिलेलंच नाही.

हसलात ना? हसा. शेवटचा क्वार्टर सुरू व्हायच्या आधीच मी पर्स खांद्याला लावून उठले होते. का, ते बंगळुरात राहणाऱ्या कुणालाही विचारा. इथे लग्न असो, नाटक असो की गाण्याची मैफल, संपायच्या जरा आधी माणसं चुळबुळायला लागतात. आत्ता निघालो तर सुटू, नाहीतर पार्किंगमधून गाडी बाहेर काढेपर्यंत जेवणाची वेळ टळेल. आमच्याकडे याला हुशारी म्हणतात. त्यात आपण मागे पडत होतो. हरणारच आहोत, मग गर्दीत कशाला अडकायचं? असं मला वाटलं. भारताच्या मुली समोर घाम गाळत होत्या आणि मला चिंता बनशंकरीच्या सिग्नलची!

पण एवढंच असतं तर मी हे लिहायला बसले असते का? लवकर उठणं हा काही गुन्हा नाही. खोटं बोलणं — तेही चालून जातं म्हणतात, कुणाचं काही वाईट झालं नसेल तर. मी इथेच थांबले तर तुम्ही मला माफही कराल. म्हणून थांबत नाही.

माझ्याबरोबर शारदाक्का होती. आमच्या खालच्या मजल्यावर राहते. मूळची बेळगावची, वयाने माझ्याहून बरीच मोठी, सगळ्या सोसायटीची अक्का. तरुणपणी तीही खेळलेली, जिल्ह्याच्या संघातून. मग घरच्यांनी स्थळ आणलं आणि खेळ संपला. देशाच्या संघातल्या मुलींना डोळ्यांसमोर खेळताना तिने कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी सकाळपासून नवी साडी नेसून तयार होती, डब्यात घरचं भडंग. स्टेडियममध्ये शेजारच्या अनोळखी लोकांना भडंग वाटत ती सांगत होती, बघा, ती सात नंबरची, मीपण त्याच जागेवर खेळायची.

मी उठले तशी ती म्हणाली, "स्वल्प थांबूया की गं, मीना. एक क्वार्टर आहे अजून."

"अक्का, आता काही होत नाही. चल."

गाडीची किल्ली माझ्याकडे होती. ती उठली. दारापर्यंत मान मागे वळवून बघत होती, जिन्यावर दोनदा अडखळली.

आणि ट्रॅफिक? ते आमच्याही आधी येऊन रस्त्यावर उभं होतं! पहिल्याच सिग्नलला अडकलो, स्टेडियमपासून हाकेच्या अंतरावर. काचा खाली होत्या. मागून एकदम जल्लोष उठला, मग शिट्ट्या, मग ढोल. मी फोन बघितला आणि जिंकलो म्हणून ओरडले. आनंद झाला होता हो मला, अगदी मनापासून. अक्का खिडकीबाहेर बघत होती.

"मला बघायची होती गं," ती म्हणाली. बस. त्यानंतर आजतागायत त्यावर एक शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी खाली बागेत सोसायटीतल्या सगळ्या बायका जमल्या होत्या, अक्काही होती. शेवट पाहिलात का? मी हो म्हणून मोकळी झाले. तोवर फोनवर सगळं बघून पाठ केलं होतंच. कुणीतरी चेष्टेने म्हणालं, ट्रॅफिकला घाबरून निघाला नाहीत म्हणजे! आणि मी — कसं सुचलं, किती पटकन सुचलं — मी म्हणाले, "अक्का निघाली होती! मीच हात धरून बसवली."

सगळ्या हसल्या. अक्काने माझ्याकडे पाहिलं. मग तीही हसली.

तेव्हा एका वाक्यात दुरुस्त करता आलं असतं. मी काय केलं? पुढच्या वेळी सांगताना त्यात रंग भरला. अक्का पर्स उचलते, अक्का म्हणते जेवण गार होईल, मी म्हणते बस खाली! मुलींना हाच भाग सगळ्यात आवडतो. इतका आवडतो, की कोर्टाच्या फाटकाजवळ त्यांनी एक खुर्ची ठेवलीय, अक्कांची. लवकर पळायला सोपं जावं म्हणून. अक्का दर रविवारी त्याच खुर्चीत बसते आणि मुलींच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळते.

मागच्या रविवारी पलीकडच्या सोसायटीशी मॅच होती, पंचाची शिट्टीही माझ्याच गळ्यात. आमच्या मुली सपाटून मार खात होत्या. ऊन चढलं, बघायला आलेल्या आया एकेक करून घरी गेल्या. टाइमआउट घेतला तेव्हा आमची कप्तान, नववीतली, चेहरा लालबुंद झालेला, तरी खोडी काढायची थांबेना. तिने फाटकाकडे हाक मारली, "अक्का, पळू नका हं! अजून संपली नाही!"

मुली खिदळल्या. अक्काने पदराने मान पुसली. "नाही गं. बसलेय मी," म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. नुसतं बघितलं, मी काही म्हणते का म्हणून.

मुली माझ्याभोवती गोल करून उभ्या होत्या. सगळ्या ऐकत होत्या. निघाले ती मी, अक्काला थांबायचं होतं — एवढंच म्हणायचं होतं.

मी शिट्टी तोंडाला लावली आणि मॅच पुढे सुरू केली.