डॅम्पनर आणि नानांचं पॅकिंग

आमच्या खानदानात टेनिस खेळणारा मी पहिलाच. कॉलेजात जाणाराही पहिलाच. जळगावच्या आमच्या कॉलेजात टेनिसवाले इतके कमी, की खेळाच्या सरांना नाइलाजाने मलाही खेळाडू म्हणावं लागायचं. धुळ्याचा सामना जिंकलो तर संघात जागा पक्की, असं त्यांनी सांगितलं होतं.

आदल्या दिवशी मी रावेरला घरी गेलो. वडील, म्हणजे आमचे नाना, केळीचे ट्रक भरतात. माझ्या रॅकेटच्या तारांत अडकवलेलं सुपारीएवढं रबर पाहून त्यांनी चौकशी केली. मी म्हटलं, याला डॅम्पनर म्हणतात. चेंडू लागल्यावर तारा झणझणतात, ते याने कमी होतं. हाताला फरक पडतो का, यावर मात्र मतभेद आहेत. (इथेच थांबायला हवं होतं. पण मला दोन्ही बाजू मांडायची सवय!)

नाना म्हणाले, "हादरा जातो ना? मग येवढंसंच काहून लावलं?"

मी म्हटलं, "एकच लावतात, नाना."

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. ट्रकमध्ये केळीखाली पत्ती अंथरताना त्यांनी कधी 'एकच पान' अंथरलं नव्हतं.

सकाळी नानाही माझा खेळ बघायला निघाले. रॅकेटचं कव्हर त्यांनी स्वतःच खांद्याला अडकवलं. एसटीत मी ते मांडीवर घेतलं तर जड लागलं. आईने आत डबा ठेवला असेल, असं समजून मी खूश झालो.

धुळ्याला कोर्टवर कव्हरची चेन उघडली. डबा नव्हता. तारांच्या एकूणएक चौकटीत ट्रॅक्टरच्या ट्यूबचे तुकडे, तेही पंक्चरच्या सोल्यूशनने चिकटवलेले! मुठीला फोम, वर सुतळी. समोरचा धुळ्याचा खेळाडू वाकून बघत म्हणाला, "भो, हाई रॅकेट शे का पंक्चरनं दुकान?"

पंच आले. त्यांनी विचारलं, "यातलं डॅम्पनर कोणतं?"

मी खरं तेच सांगितलं. "सर, सगळेच."

डॅम्पनर तारांच्या जाळीत चालत नाही, कडेलाच लावायचं असतं, असं ते समजावू लागले. तेवढ्यात कोर्टच्या कुंपणामागून नाना म्हणाले, "साहेब, माह्या हातची केळी दिल्लीपर्यंत जाते, डाग पडत नही. ह्या पोराले काय होईल?"

पंचांना नियमांच्या पुस्तकात दिल्ली सापडेना. शेवटी सगळे तुकडे उपटायचं ठरलं. मी, पंच आणि तो धुळ्याचा खेळाडू, तिघे उकिडवे बसून रॅकेट सोलत होतो. माझं मूळचं डॅम्पनरही त्यातच गेलं.

तुकडे निघाले, सोल्यूशन निघालं नाही. माझी पहिली सर्व्हिस रॅकेटवरून सुटायलाच तयार नव्हती. दुसरी सुटली ती थेट पंचांकडे गेली. मग पंचांनी तारा पुसून घ्यायला लावल्या. पुढचं सांगत नाही. प्रतिस्पर्ध्याने शेवटी हात मिळवला, तोही जरा वेळ चिकटून राहिला.

संघाबरोबर आलेले आमचे सर समजूतदार माणूस. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस. डॅम्पनरने फक्त आवाज बदलतो, खेळ बदलत नाही. तारा पुसल्यानंतरही तू तसाच खेळत होतास."

परतीच्या एसटीत नानांनी रॅकेटचं कव्हर मांडीवर घेतलं. मग हळूच म्हणाले, "रबर काढलं म्हनूनच हरला ना रे तू?"

मी विचार केला. सरांचं मानलं, तर मी माझ्या खेळामुळे हरलो होतो.

मी नानांचं मानलं.