एकाच परातीतलं पाणी

गुरुवारी पादरीसाहेबांनी धुतलेला पाय शुक्रवारी माझ्या पोटात बसला. उजवा पाय. घोट्यावर साबणाचा वास तसाच होता.

मी गोष्टी वाढवून सांगते, हे अख्ख्या सदर बाजाराला माहीत आहे. गल्लीत कोणाला कुत्रं चावलं तर मी सांगते बिबट्या होता, आणि एक नव्हे, दोन. म्हणून आधीच सांगून ठेवते. लाथेबद्दल मी एक अक्षर वाढवणार नाही. बाकीचं वाढवीन. ती सवय काही आता जायची नाही.

लाथ मारणारा आमच्या चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी. कॅन्टोन्मेंटात बंगला, चार पिढ्यांचं ख्रिस्ती घराणं, चर्चच्या भिंतीवर आजोबांच्या नावाची पितळी पाटी. त्याच्या आईला, बाईसाहेबांना, लकवा झाला तेव्हापासून अकरा वर्षं मी त्या घरात. त्यांना उठवणं, भरवणं, संध्याकाळी कोमट पाण्यात मीठ घालून पाय धुणं. बंगल्यामागच्या क्वार्टरमध्ये मी आणि माझा नवरा राहायचो. क्वार्टर इतकं लहान की एकाला कूस बदलायची तर दुसऱ्यानं अंगणात जायचं. नवरा रांझीच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. सायकलनं जातो, सायकलनं येतो. महिन्यातून चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन सायकलच्या चेनशी.

माझे बाबा भंडाऱ्याकडून इथे, नर्मदेकाठच्या या हिंदी मुलखात आले आणि त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली. पण बंगल्यात आम्ही "कालचे ख्रिस्ती". सेक्रेटरी पाहुण्यांना सांगायचा, "ही आमची कालची बहीण." पाहुणे हसायचे. मीही हसायची. ट्रे धरून हसायची.

आता गुरुवारची गोष्ट.

पुण्य गुरुवारी आमच्या चर्चमध्ये पाय धुतात. शेवटच्या जेवणाच्या वेळी येशूनं आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण. वेदीपुढे बारा खुर्च्या मांडतात. त्यावर कोण बसणार ते सेक्रेटरी ठरवतो. ठरलेली माणसं घरून पाय धुऊन, नखं कापून, पावडर लावून येतात. मोजे उतरले की बगिच्यात आल्यासारखा वास. पादरीला धुवायला मिळतात ते धुतलेलेच पाय. येशूच्या शिष्यांमध्ये मासे धरणारे होते. त्यांच्या टाचा कशा असतील ते मला विचारा. पावडरवाल्यांना काय माहीत.

त्या दिवशी एक जण आलाच नाही. अकरावी खुर्ची रिकामी. पादरीसाहेब नवे, तरुण, बदलून आलेले. मी बंगल्यातून गरम पाणी आणि टॉवेल घेऊन आले होते, भिंतीला टेकून उभी होते.

"ताई, तुम्ही बसा," ते म्हणाले.

मी मागे वळून पाहिलं, कोणाला बोलावून राहिले म्हणून. मागे भिंत होती.

बसले. माझ्यानंतरच्या शेवटच्या खुर्चीवर सेक्रेटरी. परात एकच, पितळेची. माझ्याआधी दहा जणांचे पाय त्यात बुडाले होते तरी पाणी असं, की कोणी चहाला ठेवलं असतं. मग माझे पाय. माझ्या टाचेच्या भेगेत आठ आण्याचं नाणं उभं राहतं, पडत नाही. सकाळी बंगल्याची नाली साफ केली होती, तो काळपट थर अजून भेगांत होता. पाणी इतकं काळं झालं की ग्वारीघाटाला ओतलं असतं तर नर्मदा भडोचपर्यंत डहुळली असती.

हे वाढवलं. पुढचं वाढवत नाही. पादरीसाहेबांनी भेगेत अंगठा घातला आणि मळ चोळून काढला. आई गेल्यापासून माझ्या पायाला कोणाचा हात लागला नव्हता. मला रडू नाही आलं. भीती वाटली.

मग त्यांनी परात सेक्रेटरीपुढे सरकवली. त्यानं पाण्याकडे पाहिलं. अख्खं चर्च त्याच्याकडे पाहून राहिलं होतं.

"पानी बदल दीजिए," तो हळूच म्हणाला.

"सगळ्यांना एकच पाणी आहे, साहेब," पादरी म्हणाले. हळू नाही म्हणाले. नवे होते बिचारे.

मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं. सेक्रेटरीनं पाय आत घातले. भेडाघाटच्या दगडासारखे पांढरे पाय, माझ्या पाण्यात.

शुक्रवारी तीन तासांची उपासना आटोपून तो घरी आला. मी मागच्या मोरीवर बाईसाहेबांसाठी टबात पाणी भरून राहिले होते. तो आला. म्हणाला, "मेरे पैर पे तेरा मैल." आणि लाथ मारली. एक. पोटात. मी मोरीच्या कडेवर पडले आणि बरगडी मोडली. मोडल्याचा आवाज ऐकू येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. श्वास आत जाईना. मी तशीच पडलेली. त्यानं नळ सोडला, पाय धुतला आणि आत गेला.

दार उघडं होतं. बाईसाहेबांनी पलंगावरून सगळं पाहिलं.

"कुणी विचारलं तर पडलीस असं सांग," त्या म्हणाल्या. "घरातली गोष्ट घरात राहू दे. क्वार्टर आहे, काम आहे. विचार कर."

त्या संध्याकाळीही मी त्यांचे पाय धुतले. वाकता येत नव्हतं. गुडघ्यावर बसून, दात आवळून धुतले, पुसले, तेल लावलं. लाथ ही त्याची लाज. हे पाय धुणं माझी. ती मी कोणावर ढकलत नाही.

बाबांनी मला येशूची एक रीत शिकवली होती. भावानं तुझा अपराध केला तर आधी एकटी जाऊन त्याला सांग. ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत घे. तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग. ही रीत आमच्या चर्चमध्ये सगळ्यांना पाठ आहे. तंबाखूच्या पुडीवरच्या सूचनेसारखी. वाचतात आणि तोंडात टाकतात. कोणी करून पाहिल्याचं मी ऐकलं नव्हतं.

मी करायचं ठरवलं.

शनिवारी सकाळी एकटी गेले. तो चहा पीत होता.

"साहेब, काल तुम्ही मला लाथ मारली. तुम्ही मंडळीतले भाऊ, म्हणून आधी एकटीनं सांगायला आले."

"भाई? किसका भाई?"

चहा कपासकट तोंडावर आला. पाठोपाठ हाताची उलटी बाजू. बोटात अंगठी होती. ओठ फाटला.

नवऱ्यानं रक्त पाहिलं. त्या महिन्याची सगळी वाक्यं त्यानं एकदम खर्च केली.

"काहून गेली होतीस तू?"

"पहिली पायरी होती. दुसरीला तू चाल."

"तिसरीपर्यंत जिती राहशील का? मले खरं सांग. वाढवून नको सांगू."

"माहीत नाही," मी म्हटलं. हे खरंच होतं.

दुसरा सोबती याकोबदादा, चर्चची घंटा वाजवणारा म्हातारा. तो म्हणाला, "चलो. मला काय, दोर ओढायचा आहे, तो कोणीही ओढेल." आम्ही तिघं दुपारी फाटकाशी गेलो. बोलायची वेळच आली नाही. सेक्रेटरीचा पुतण्या आणि ड्रायव्हर हॉकीच्या काठ्या घेऊन उभेच होते. नवऱ्याच्या नडगीवर पहिला फटका. तो खाली बसला तर पाठीवर तीन. याकोबदादानं हात आडवा धरला, त्याचा अंगठा मोडला. लाकडाची ढलपी निघावी तसा आवाज. मी पुतण्याच्या मनगटाला चावले. हे येशूच्या रीतीत नाही, मला कबूल आहे. तेवढ्यात ड्रायव्हरनं आमचा स्टोव्ह, गादी, पेटी कंपाउंडवरून रस्त्यावर फेकली. पेटीचं झाकण उघडून बाबांचा चष्मा बाहेर पडला. एक ऑटो त्याच्यावरून गेला.

सेक्रेटरी व्हरांड्यातून म्हणाला, "बोल देना गिरी थी. सामान अंदर आ जाएगा."

बस, इतकंच. तीन शब्द म्हणायचे आणि छप्पर परत. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो रस्त्यावर बसून काचा वेचत होता. मान वर न करता म्हणाला, "नको म्हणू."

ईस्टरच्या सकाळी याकोबदादानं डाव्या हातानं घंटा वाजवली. अडखळत वाजली. आमच्या उपासनेत प्रभुभोजनाआधी सगळे एकमेकांना शांती म्हणून हात देतात. सेक्रेटरी बाकाबाकांतून हात देत फिरत होता. माझ्या बाकाशी आला तेव्हा मी उभी राहिले.

रात्रभर मी ही गोष्ट मनात सजवली होती. लाथ बसली तेव्हा झाडावरचे कावळे उडाले, असं काहीबाही. सगळं टाकून दिलं. म्हटलं, आज एक दाणा जास्त नको.

"साहेबांनी शुक्रवारी मला पोटात लाथ मारली. मी एकटीनं सांगितलं. दोघांना घेऊन गेले. आता मंडळीला सांगते."



तो हसला. लोकांकडे वळला. "आप सब जानते हैं इसे. कुत्ता काटे तो तेंदुआ बताती है."

आणि लोक हसले. माझ्याच गोष्टीवर. इतकी वर्षं मीच त्यांना हसवलं होतं, आज ते सगळं हसू त्याच्या कामी आलं.

"बाईसाहेबांना विचारा," मी म्हटलं. "त्यांनी पाहिलं."

बाईसाहेब पुढे चाकाच्या खुर्चीत होत्या. त्यांनी माझ्याकडे नाही, शालीखालच्या आपल्या पायांकडे पाहिलं.

"ती पडली," म्हणाल्या.

पुतण्यानं माझे केस धरले. मी बाक धरला. बाक सोडेना म्हणून त्यानं बोटांवर बूट ठेवला आणि दाबला. नवरा लंगडत मध्ये आला, त्याला कोपर बसलं, नाक फुटलं. ईस्टरच्या पांढऱ्या फुलांवर त्याचं रक्त. दोनशे माणसं. एकही उठला नाही. याकोबदादा दोर सोडून आला, तेवढाच. आम्हाला पायऱ्यांवर टाकलं आणि दार लोटलं. आत गाणं सुरू झालं. कबर रिकामी आहे, असं गात होते.

थोड्या वेळानं पादरीसाहेब बाहेर आले. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर.

"ताई, त्यांना माफ करा."

"मागू द्या," मी म्हटलं. "मग पाहू."

मी ओठ पुसला आणि तिथून सरळ ठाण्यात गेले. हवालदारानंही तेच विचारलं. "गिरी थी क्या?"

"नहीं," मी म्हटलं. "लिखो."

त्यानं लिहिलं. अजून तपास सुरू आहे म्हणतात.

आता आम्ही रांझीत भाड्याच्या खोलीत राहतो. नवऱ्याचा पाय वाकडा जुळला, तो बसनं जातो. माझी दोन बोटं सरळ होत नाहीत. बाईसाहेब दुसऱ्या बाईला पाय धुवू देत नाहीत, असं कळलं. न धुवोत. मी दर रविवारी सदरला जाते, पहिल्या बाकावर बसते, हात द्यायची वेळ आली की उभी राहते आणि तीच वाक्यं म्हणते. पहिले काही रविवार ओढून बाहेर काढलं. आता तेच दमले. गेल्या महिन्यात मागच्या बाकावरची एक बाई माझ्यासोबत उभी राहिली. बोलली काही नाही. उभी राहिली.

कमिटीनं नवा नियम केला आहे. यंदा गुरुवारी फक्त पुरुष, आणि प्रत्येकाला वेगळं पाणी.

करा नियम. मी पितळेची परात आणली आहे. येत्या गुरुवारी चर्चच्या दारात, त्याच पायरीवर, मी ती घेऊन बसणार. येईल त्याचे पाय धुणार. बेलबागचा हमाल येवो की कर्नलची बायको. सेक्रेटरी आला तर त्याचेही धुईन. पण आधी त्यानं सगळ्यांसमोर म्हणायचं, ती पडली नव्हती.

आणि पाणी मी बदलणार नाही.