दोरूसरांचे खडक

“मान खाली! खाली वाका! खडक आला!” दोरूसर ओरडले, आणि मुंबईहून आलेल्या चाळीस पाहुण्यांपैकी निम्म्यांनी खरंच माना खाली घातल्या. एका बाईंनी पर्स डोक्यावर धरली. पाणी म्हणाल तर आसपास फक्त माझ्या हातातल्या पाइपात होतं.

सर द्राक्षांच्या उपड्या क्रेटवर उभे होते. हातात बांबू, तेच होडीचं सुकाणू. दिंडोरीजवळच्या त्या वायनरीत मी बाटल्या भरायच्या विभागात होतो आणि सर गाइड. त्याआधी पंचवटीतल्या शाळेत त्यांनी तीसेक वर्षं भूगोल शिकवला होता. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून इथे आले. पाहुण्यांना वाइन कशी करतात ते सांगायचं, एवढंच काम. पण सर सुरुवात करायचे ती पोर्तुगालातल्या दोरू नदीपासून. ती स्पेनमध्ये उगम पावते, डोंगर कापत पश्चिमेला येते, काठांवर दगडी बांधांच्या पायऱ्या, पायऱ्यांवर द्राक्षं. वाइनची पिंपं सपाट तळाच्या होड्यांत भरायची आणि खडकांतून, उसळत्या पाण्यातून खाली पोर्तो शहराला न्यायची. परतताना काठावरून बैल होडी ओढणार. बैल सांगताना सर असे वाकायचे की पुढच्या रांगेतला माणूस उठून त्यांना हात द्यायचा.

हे सगळं आलं होतं एका इंग्रजी पुस्तकातून. शाळेच्या सहलीत पणजीच्या रद्दीवाल्याकडे मिळालेलं. इतकं जुनं की उघडलं की दोन शतकांची झुरळं मुजरा करून बाहेर पडायची. सरांना ते तोंडपाठ होतं.

संध्याकाळी मात्र सर पार गळून जायचे. गुडघ्यांना तेल लावत म्हणायचे, “थकलो रे. आज चार वेळा पोर्तोला जाऊन आलो.” मग खिशातून पासपोर्ट काढायचे. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत कोरा. “गुडघे आहेत तोवर एकदा त्या खडकांतून उतरायचं. बस. बाकी काही बघायचं राहिलं नाही.”

आणि एकदा छाटणीच्या दिवसांत खुद्द पोर्तुगालातून एक म्हातारे तज्ज्ञ आले. दोरूच्या काठावरच वाढलेले! सर त्या दिवशी सफारीला इस्त्री करून आले, क्रेटवर चढले आणि त्यांनी अशी होडी हाकली की गोदामातली पिंपं डोलली. म्हातारा डोळे पुसेपर्यंत हसला. मग माझा खांदा धरून त्याच्या अडखळत्या इंग्रजीत हळूच म्हणाला, “आता तिथे एकही खडक दिसत नाही. माझ्या तरुणपणीच धरणं झाली. पाणी तळ्यासारखं उभं असतं. होड्या पोर्तोला बांधून ठेवल्यात, फोटोसाठी.”

सर क्रेटवरच धापा टाकत होते. “काय म्हणतायत रे?”

गंगापूर धरण मी एका दमात पोहून गेलो, हे मी साऱ्या तालुक्याला पटवलेलं आहे. मला काय अवघड? “म्हणतायत, हुबेहूब! गेल्याच महिन्यात त्यांच्या भाच्याची होडी आपटली. दोन पिंपं समुद्राला मिळाली.”

“अरे वा,” सर म्हणाले आणि बांबूच्या आधाराने सावकाश खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांची बस आली. सर क्रेटवर चढले नाहीत. बांबू भिंतीला टेकलेलाच राहिला. नदी नेहमीसारखी स्पेनमधून निघाली, डोंगरात आली, आणि सर म्हणाले, “आता तिथे धरणं आहेत. पाणी थांबलेलं असतं.” कोणी मान वाकवली नाही. एकाने विचारलं, “टेस्टिंग कुठे आहे?”

मी पाइप तसाच वाहता ठेवून उभा राहिलो. म्हणजे काल म्हाताऱ्याचा शब्दन् शब्द सरांना ऐकू गेला होता. तीस वर्षं इंग्रजी पुस्तक वाचणारा माणूस, आणि त्याच्यासमोर मी भाषांतर करत होतो!

संध्याकाळी सरांना स्कूटरवर मागे घेऊन निघालो. पंचवटीत गंगेपर्यंत, म्हणजे आमच्या गोदावरीपर्यंत आलो. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं नव्हतं. खाली हिरवट पाणी नुसतं उभं होतं. सर त्याच्याकडे बघत होते.

“सर, पासपोर्टची मुदत संपत आलीय ना? उद्या फॉर्म आणू?”

“नको,” सर म्हणाले. “इथंच उतरव. भाजी घ्यायचीय.”