कुंपणाची टिकटिक

तबेल्यात राहायला लागलं की किस्से लिदीसारखे साठतात. आज सगळे उचलले तरी उद्या सकाळी तेवढेच! आमचे हे कात्रजच्या पुढं एका मॅडमच्या तबेल्यात घोडे सांभाळतात. तिथंच आमची खोली. परी आमची तीन वर्षांची. पायाला भिंगरी, आणि माझा जीव कायम टांगणीला.

त्यात मॅडमनी सोलर बसवला. तबेल्यामागं पॅनल, आत बॅटरी, आणि बॅटरीवर घोड्यांच्या मैदानाचं तारेचं कुंपण. तारेत करंट! म्हणे, घोडे हायवेला जायला नकोत. घोड्यांचं ठीक आहे हो, परीचं काय?

मी सोलर बसवणाऱ्या इंजिनिअरला विचारलं, "लेकराचा हात लागला तर?"

"अहो ताई, जीवाला धोका नाही. मुंगी चावल्यासारखं होतं. हे बघा," म्हणत त्यानं तार धरली.

"आई गंऽऽ!"

त्याच्या दुसऱ्या हातातला मोबाईल थेट पाण्याच्या हौदात! म्हटलं, मुंगी बरीच मोठी दिसते.

* * *

मग मॅडमनी पाटी लावली: 'कुंपणात करंट आहे. खात्री करून पाहू नये.'

रविवारी नातवाला घोड्यावर बसवायला एक आजोबा आले. चष्मा लावून त्यांनी पाटी मोठ्यानं वाचली. परत एकदा वाचली. मग बोट लावलं!

मी घाबरून धावले. आजोबा खाली पडलेली टोपी उचलत म्हणाले, "पाटी खरी आहे. हल्ली असं आढळत नाही."

* * *

उन्हाळ्यात सासूबाई आल्या आणि कुंपण बंद पडलं. बॅटरी चार्जच होईना. ह्यांनी सगळ्या वायरी तपासल्या. शेवटी खराडीहून इंजिनिअरला बोलावलं. तो तबेल्यामागं गेला आणि तिथूनच ओरडला, "हे काय आहे?"

सगळ्या पॅनलवर कुरडया! ओळीनं, ओल्या, वर ओढणी टाकलेली!

सासूबाई मात्र शांत. "हात नको लावू रं बाबा, कच्च्या हायत अजून. येवढं ऊन नुसतं वाया चाललं व्हतं!"

* * *

त्याच दिवशी राणी बाहेर निघाली. राणी म्हणजे आमची म्हातारी घोडी. कुंपणाच्या डब्यातून सारखी टिकटिक येते. टिकटिक आहे तोवर करंट आहे. तोवर राणी तारेला शिवत नाही. टिकटिक थांबली की कान वळवते, जरा ऐकते, आणि छातीनं तार रेटून बाहेर!

मी ह्यांना म्हटलं, "अहो, हिला कळतं!"

"मग? तिला काय टेस्टर लागतो का?"

* * *

परवा संध्याकाळी कणिक मळून मागं पाहिलं, तर परी नाही. खोलीत नाही, हौदापाशी नाही. हात तसेच पिठाचे घेऊन धावले. परी मैदानात! कुंपणाच्या आत, राणीच्या पोटाखाली! आणि डबा चालू. टिक. टिक. टिक.

"परी, हलू नकोस! तारेला हात लावू नकोस! अहोऽऽ, बंद करा!"

हे डब्याकडं पळाले. टिकटिक थांबली.

परीनं मान तिरकी केली. जरा ऐकलं. मग तारेखालून वाकून आली आणि माझ्या पायाला बिलगली.

"आई, ओरडू नको. आता बंद आहे."

"तुला गं कुणी सांगितलं?"

तिनं बोट दाखवलं. राणी परीच्याही आधी बाहेर येऊन उभी होती.