झाडूचे तास

वायसरकाकांना तुरुंगात जायची काडीचीही हौस नव्हती. तरी एका सोमवारी ते स्वतःच्या पायांनी न्यायालयात गेले आणि न्यायाधीशसाहेबांसमोर हात जोडून म्हणाले, "मला आत टाका." कारकुनाची टायपिंग करणारी बोटं जागच्या जागी थांबली. त्या खोलीत आजवर जो आला तो बाहेर राहण्यासाठी रडला होता. आत जाण्यासाठी गयावया करणारा हा पहिलाच.

काका प्लंबर. तीस वर्षं नळांत हात घालून बसलेले. वायसर, म्हणजे नळातली रबरी चकती, हे नाव त्यांना पडलं ते त्यांच्या तोंडच्या एका वाक्यामुळे. नळ गळो, पंखा कुरकुरो की शेजाऱ्याचा गुडघा दुखो, काका मान हलवून सांगत, "वायसर गेलाय." निदान नेहमीच बरोबर यायचं असं नाही, पण नळाच्या बाबतीत कधी चुकलं नाही. आणि तेवढ्या एका गोष्टीचा माणसाला केवढा ताठा असावा!

या ताठ्यापायीच ते गोत्यात आले. एका मोठ्या वसाहतीच्या सेक्रेटरीने चारचौघांत म्हटलं, "काका, तुमच्या हातात आता पूर्वीचं कसब राहिलं नाही." काका उठले. थेट रस्त्यावर गेले, वसाहतीच्या पाण्याचा मुख्य वॉल आवळून बंद केला, त्याची चावी पिशवीत टाकली आणि घरी जाऊन झोपले. तीनशे घरं दोन दिवस कोरडी ठणठणीत. न्यायालयात वकिलाने त्यांना मान खाली घालून उभं राहायला सांगितलं होतं. काकांनी मान वर केली आणि म्हणाले, "साहेब, मी बंद केलेला वॉल दोन दिवस एकालाही उघडता आला नाही. आता हाताची पारख तुम्हीच करा."

पारख झाली, दोन महिन्यांची कैद! पण तुरुंग आधीच तुडुंब भरलेले, आणि वरून नवी योजना आलेली. साहेबांनी पर्याय दिला: सरकारी इस्पितळात दोनशे तास विनामूल्य सेवा करा आणि घरचं अंथरूण वापरा. अट एवढीच की तास पुरे होईपर्यंत शहर सोडायचं नाही. काकूंनी काकांना बोलूच दिलं नाही, त्यांनीच मान डोलावली. परगावी दिलेल्या मुलीला तिसरा महिना सरत आला होता. आठवड्याला जास्तीत जास्त बारा तास, म्हणजे चार महिन्यांत मोकळे. बाळंतपणाला बाप हजर, आणि सासरी कुणाला कानोकान खबर नाही.

इस्पितळात काका स्टोअरकीपरच्या ताब्यात गेले. हा माणूस नियमाशिवाय शिंकतही नसे. त्याने न्यायालयाचा हुकूम तीनदा वाचला, काकांच्या हातात झाडू दिला आणि एक कार्ड उघडलं. हुकुमात शब्द होता 'स्वच्छता'. तेव्हा झाडू हातात असेल तोच वेळ कार्डावर चढणार, हे त्याने पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं.

मग तो हळूच म्हणाला, "माझं काही म्हणणं नाही हं काका, पण तळमजल्यावरचा नळ गळतोय. तीन वर्षं झाली. आपलं सहज सांगितलं."

गळणारा नळ ऐकून काकांना घास गिळवत नाही, हे त्याने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. काकांनी झाडू भिंतीला टेकवला आणि पाना काढला. नळ तासाभरात ठीक झाला. संध्याकाळी कार्डावर चाराच्या जागी तीन तास.

"एक तास कुठे गेला?" काकांनी विचारलं.

"त्या तासात झाडू भिंतीला होता, काका. भिंतीची शिक्षा तुमच्या नावावर कशी लावू?"

त्यानंतर स्टोअरकीपरला इस्पितळभर काहीतरी गळताना, तुंबताना, ठिबकताना दिसू लागलं. तो कधीच काम सांगत नसे. तो फक्त हळहळायचा. "तुमची मर्जी, काका," म्हणायचा आणि निघून जायचा. काका स्वतःवर चरफडत आणि पाना उचलत. एकदा तर त्यांनी काखेत झाडू धरून पाइप आवळला. स्टोअरकीपरने लांबून पाहिलं आणि निर्णय दिला, "काख म्हणजे हात नव्हे."

पुढे प्रसूती विभागाच्या मुख्य सिस्टर आल्या. "काका, तान्ह्यांना आंघोळ घालायला गरम पाणी येत नाही हो. बायका घरून आणतात." काकांना आपली लेक आठवली. तीन दिवस ते त्या गंजक्या पाइपांशी झुंजले. चौथ्या दिवशी नळातून वाफाळतं पाणी आलं, तेव्हा एक ओली बाळंतीण त्यांच्याकडे बघून हसली. काकांना भरून आलं. त्या आठवड्यात कार्डावर भोपळा चढला, पण त्या तासांची हळहळ त्यांना कधीच वाटली नाही.

हळहळ वाटली ती चार महिन्यांनी. कार्डावर बेरीज होती एकाहत्तर. इस्पितळ मात्र इतकं कोरडं आणि वाहतं झालं होतं की वरिष्ठांनी स्टोअरकीपरचा सत्कार केला.

मुलीचा फोन आला. "बाबा, डॉक्टरांनी तारीख दिलीय. दोन महिने आठ दिवस. याल ना नक्की? मला भीती वाटते हो."

"येतो," काका म्हणाले. फोन ठेवल्यावर बोटांवर हिशेब केला. या चालीने नातवाच्या बारशालाही पोचणं कठीण होतं.

म्हणून तो सोमवार उजाडला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, हुकूम मागवला आणि चष्मा सावरला. "शब्द स्वच्छताच आहे. दुरुस्ती हवी असेल तर वेगळा अर्ज करा. सुनावणी तीन महिन्यांनी लागेल."

"आणि कैद, साहेब?"

"कैद दोन महिने. केलेले तास वजा होणार नाहीत."

"तिथे झाडू लागतो का?"

"काहीच लागत नाही. दिवस आपोआप जातात."

"मग तीच द्या," काका म्हणाले. दारात उभ्या काकूंनी कपाळावर हात मारला. "अहो, लोक काय म्हणतील?" पण लोकांची तारीख डॉक्टरांनी दिलेली नव्हती.

तुरुंगात शिरताना अंमलदाराने छापील फॉर्म पुढे ओढला. "काय येतं?"

तीस वर्षं या प्रश्नाला काकांनी छाती फुगवून उत्तर दिलं होतं. पण इस्पितळात याच कसबाने तास खाल्ले होते; त्यांनी मान खाली घातली. "काही येत नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही, साहेब. अडाणी माणूस."

तेव्हा त्यांच्या हातात झाडू आला. काका झाडत, जेवत, झोपत. तुरुंगाची एक गोष्ट त्यांना मनापासून पटली: इथे झोपलं तरी शिक्षा पुढे सरकते. छळ एकच होता. बराकीच्या कोपऱ्यातला नळ दिवसभर ठिबकत राहायचा. वायसर गेला होता, दोन मिनिटांचं काम! काकांचे हात शिवशिवत. ते हात मांडीखाली दाबून बसत आणि भिंतीकडे बघत. बाकीचे कैदी म्हणत, म्हाताऱ्याला घरची आठवण येते. आठवण तर यायचीच, पण त्या ठिबकण्याने त्यांचा जीव सोलून निघायचा.

साठ दिवस संपले. अंमलदाराने सुटकेच्या कागदावर सही केली, शिक्का मारला. काकांनी शिक्क्यावर फुंकर घातली, शाई वाळली की नाही ते बोटाने पाहिलं, कागद चौपदरी करून खिशात घातला आणि ते बराकीतल्या त्या नळाकडे परत फिरले. पायातली जुनी रबरी चप्पल काढून तिच्या टाचेचा एक गोल तुकडा तोडला. नळाचा माथा नुसत्या हाताने उघडेल इतका सैल झाला होता. तो उघडला, तुकडा बसवला, आवळला. ठिबकणं थांबलं.

मागोमाग आलेला अंमलदार तोंड उघडं टाकून बघत राहिला. "अहो, तुम्हाला तर काही येत नव्हतं!"

"सही झाल्यावर येतं," काका म्हणाले, आणि फाटकी चप्पल पायात सरकवून लेकीची गाडी गाठायला निघाले.