दिंद्रुडला, हिरवळीच्या शोधात

संभाजीनगरहून बस सुटली आणि सुनंदाने खिडकीची काच ओढून घेतली. मे महिना, आत नुसती भट्टी. सातव्या महिन्यात आमचं बाळ पोटातच गेलं, तेव्हापासून माझी बायको विचारल्याशिवाय बोलत नव्हती, आणि विचारलं तरी एका शब्दात. रडलीही नव्हती. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या चालू ठेवा, पण यांना थोडे दिवस झाडाझुडपांत घेऊन जा. मन निवतं." मी कोकण सुचवलं, म्हैसमाळ सुचवलं. ती म्हणाली, "दिंद्रुड."

दिंद्रुड हे माजलगाव तालुक्यातलं तिच्या मामाचं गाव. शहागडला गोदावरी ओलांडून बस बीड जिल्ह्यात शिरली. गेवराईच्या पुढे दोन्ही बाजूंना नांगरलेलं काळं रान आणि बांधावर रचलेले पऱ्हाट्यांचे (कापसाच्या वाळक्या झाडांचे) ढीग. हिरवं म्हणावं तर बाभळी, नाहीतर एखादा कडुलिंब. कुठे घेऊन चाललो होतो मी हिला?

भगवानमामा फाट्यावर घ्यायला आले होते. "जावईबापू, हिरवळ बघाया मे मैन्यात आमच्याकडं आलाव व्हय? गावात बोलू नका, लोकं हसतेल!" मी हसलो. सुनंदा हसली नाही, तसा मामांचाही चेहरा उतरला.

मामांचं घर शेतातच होतं. मामींनी गरम भाकरी आणि येसराची (भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची) आमटी वाढली. सुनंदा भाकरीचा तुकडा मोडून बोटांनी चुरत राहिली. मामी माझ्याकडे बघत होत्या, मी ताटाकडे.

दुसऱ्या दिवशी उजाडताना जाग आली तर तिचं अंथरूण रिकामं. चपलाही नव्हत्या. मामा अंगणात दात घासत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तांब्या तिथेच टाकला. घरामागे बिनकठड्याची विहीर होती. आम्ही दोघंही तिकडे धावलो. कशासाठी धावतोय, हे दोघांनीही उच्चारलं नाही. मामा काठावर पालथे पडून आत वाकले. फडफड करत पारवे वर आले. तळाशी पाणी स्थिर होतं.

"न्हाई. हितं न्हाई," मामा म्हणाले. तेवढ्यात खालच्या रानातून बाईची किंकाळी आली.

तिथे मामांची मोसंबीची लहान बाग होती, टँकरने जगवलेली. मी ढेकळांत ठेचकाळत पोचलो. सुनंदा हातात वाळकी काठी घेऊन शेळ्यांमागे धावत होती. केस सुटलेले, आवाज चिरका.

"हाड! हाड! आवरा तुमच्या शेळ्या! कोवळी झाडं आहेत, मरतील ती!"

बांधावरची शेळ्या राखणारी बाई, रुक्मिणबाई, तितक्याच जोरात ओरडली, "म्या काय मुद्दाम सोडल्या व्हय? मुक्या जीवानं उन्हाळ्यात खावं काय? लई नुस्कान न्हाई झालं, बाई!"

"नाही कसं? हे बघा, ह्याचा शेंडाच गेला! एवढंसं होतं हो ते! एवढंसं!"

ते रोपटं दोन्ही हातांत धरून ती मातीत बसली आणि मोठ्याने रडू लागली. रुक्मिणबाई घाबरली. "अगं पोरी, रडायलीस कावून एवढी? म्या आणते की काट्या. आत्ता कुपाटी (काट्यांचं कुंपण) करू." मी पुढे झालो, पण मामांनी माझा दंड धरला. "रडू द्या," ते हळूच म्हणाले.

त्या सकाळी दोघींनी बाभळीच्या काट्या ओढून आणल्या आणि रोपांभोवती रचल्या. सुनंदाचे हात ओरबाडले. दुपारी तिने दीड भाकरी खाल्ली. पुढचे दिवस ती पहाटेच बागेत जायची, मीही मागोमाग जायचो. ठिबकच्या नळीखाली बोट धरून ती ओल बघायची, पानामागची कीड काढायची. कधी आपणहून काही विचारायची. माझी भीती मात्र गेली नव्हती. त्या शेंडा खुडलेल्या रोपट्याची उरलेली पानं रोज सुकत होती, आणि ते मेलं तर काय, या विचाराने मला धड घास जात नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी ते पार वाळलं. सुनंदाने ते मुळासकट उपटलं. बराच वेळ मांडीवर घेऊन बसली. मग तिने ते बांधावर ठेवलं, हात झटकले आणि शेजारच्या झाडाचं आळं नीट करायला घेतलं.

परतीच्या वाटेवर गेवराईला बस थांबली. बाहेर ट्रकांचे हॉर्न, धूळ, कढईतल्या भज्यांचा वास. भजी खाता खाता ती म्हणाली, "मी तिचं नाव ठरवलं होतं. तुम्हाला सांगितलंच नाही." आणि तिने ते सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही.

झाडांनी दुःख हलकं केलं, असं मी म्हणणार नाही. सुनंदाच्या गोळ्या आजही चालू आहेत, काही दिवस फार वाईट जातात. पण जपायला काहीतरी जिवंत हाताशी असलं की गेलेल्यासाठी रडायलाही वाट मिळते, एवढं मी त्या उजाड रानात पाहिलं. गेवराईच्या त्या गोंगाटात मी आमच्या मुलीचं नाव पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं. सुनंदा म्हणाली, "पुन्हा म्हणा."